हिरव्या बॅगेचं दुसरं चाक

स्वतः कधी गावाची वेस न ओलांडता लोकांना परदेश समजावून सांगणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण बॅगा दुरुस्त करणाऱ्या माणसाइतका त्याचा हक्क दुसऱ्या कुणाला नसेल. जगभर फिरून आलेल्या बॅगा शेवटी त्याच्याच पुढ्यात उताण्या पडतात. कुठे काय फाटतं, कुठे काय तुटतं, कोण काय भरून नेतं आणि काय न नेल्यामुळे पस्तावतं, हे सगळं त्याला बसल्या जागी कळतं.

बॅगदुरुस्तीच्या त्या दुकानातल्या लेकीचे बाबा असे होते. गिऱ्हाईकानं तुटकं हँडल काउंटरवर ठेवलं की आधी ते विचारायचे, "कुठं निघालात?" आणि उत्तर येईपर्यंत चष्मा नाकावर सरकवून बॅगेचं पोट चाचपायचे. मग सुरुवात. पासपोर्टची मुदत बघितलीत का? परत यायच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली हवी, नाहीतर कित्येक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. त्याची एक प्रत बॅगेत, एक घरी ठेवा. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका. बॅग चुकून दुसऱ्या देशात गेली तर तुमचा रक्तदाब काही तिची वाट बघत थांबणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी औषधांसोबतच राहू द्या. एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत. नवे बूट घालून निघू नका, आधी घरातल्या घरात घालून फिरा, कुणी हसलं तर हसू द्या. बँकेला कळवा, नाहीतर तिकडे कार्ड बंद पडेल आणि तुम्ही हॉटेलात भांडी घासाल. आणि ओळखीचा असो नाहीतर सख्खा भाऊ असो, दुसऱ्याचं बांधलेलं पुडकं आपल्या बॅगेत घेऊ नका.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," मागच्या खोलीतून आईचा आवाज यायचा. ती शिवणयंत्रावर अस्तरं शिवत असायची. यंत्राची धडधड थांबली की समजायचं, आता टोमणा येणार.

"ऐकलंत? घरचं विमान," बाबा गिऱ्हाईकाला म्हणायचे. "वेळेवर सुटतं."

दोघांचे पासपोर्ट काढलेले होते. आईनं हट्टानं काढून घेतले होते, मुदत संपल्यावर पुन्हा काढून घेतले होते. पण शिक्का एकावरही नव्हता. कारण साधं होतं. लोकांची सुट्टी तोच ह्यांचा हंगाम. जग बाहेर पडायला निघालं की दुकानात चाकांचा आणि चेनींचा ढीग पडायचा, आणि जग घरी परतलं की मोडलेल्या बॅगांचा. अधेमधे जी उसंत मिळायची तिच्यात घराची रंगरंगोटी, कुणाचं आजारपण, लेकीची परीक्षा. "पुढल्या वर्षी," बाबा म्हणायचे. आईनं पुढेपुढे ते ऐकणंही सोडून दिलं होतं.

बाबा गेले त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता आई म्हणाली, "धाकटीबरोबर मी परदेशी जाऊन येतेय. डोंगर, तळी वगैरे आहेत तिकडे. तिनं तिकिटंही काढली."

धाकटी म्हणजे मावशी. लेकीनं हातातली चेन तशीच धरली. ती त्या वेळी एका शाळेच्या दप्तराच्या चेनीचा सरकता रनर बदलत होती.

"कधी ठरलं?"

"ठरत होतं. आज सांगितलं."

लेक म्हणाली, "बरं." तिनं रनर दातांवर चढवला, चेन एकदा वर, एकदा खाली करून पाहिली. ती बोलली नाही ते एवढंच की, इतक्यात? तो शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिनं तो गिळला. अशा गिळलेल्या शब्दांनी पोट भरत नाही, जड मात्र होतं.

शेजारच्या घड्याळवाल्या काकांना मात्र काही गिळायची सवय नव्हती. दुपारी ते दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी निघाल्या म्हणे फिरायला?"

"हो काका."

"छान छान. जावं माणसानं. मी काही म्हणत नाही."

"तुम्ही काही म्हणत नाही हे सांगायला सकाळपासून तिसऱ्यांदा आलात."

"तसं नाही गं. लोक बोलतात."

"लोकांना म्हणावं दुकानात या," मागच्या खोलीतून आई म्हणाली, "तोंडाला चांगली चेन बसवून देते."

काका हसत हसत गेले. लेकीलाही हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. काकांच्या तोंडून आपलंच मन बोललं, हे तिला ठाऊक होतं.

तयारी सुरू झाली ती मात्र पाहण्यासारखी होती. सगळ्या आयुष्यात आईनं एकही प्रवास केला नव्हता आणि तरी तिला काहीही सांगावं लागत नव्हतं. इतकी वर्षं पडद्याआड बसून तिनं जे ऐकलं होतं ते आता भराभर बाहेर पडू लागलं. तिनं डॉक्टरांकडून औषधांची नावं छापील घेतली, कंपनीची नव्हे तर औषधांची, कारण कंपनीचं नाव तिकडच्या दुकानदाराला कळणार नाही. बँकेत जाऊन आली. विमा उतरवला आणि त्याचा फोन नंबर कागदावरही लिहून घेतला, कारण फोनच हरवला तर फोनमधला नंबर काय कामाचा. तिकडच्या भिंतीतली भोकं वेगळ्या आकाराची असतात म्हणून चार्जरला जोडायची खुंटी आणली. नवे बूट घालून ती स्वयंपाकघरात खटखट करत हिंडू लागली.

मावशी आली ती गाठोडंभर उत्साह घेऊन. ती तीनदा परदेशी जाऊन आली होती आणि आता बहिणीला शिकवायची संधी तिला सोडवत नव्हती.

"ताई, ऐक, औषधं आहेत ना, ती मोठ्या बॅगेत..."

"नाही टाकायची."

"आणि पासपोर्टची एक..."

"प्रत. एक हातात, एक हिच्याकडे, एक फोनमध्ये."

"आणि बॅगेला काहीतरी खूण..."

"खूण बाहेर, नाव-पत्ता आत. बाहेर घरचा पत्ता लिहायचा नाही, घर रिकामं आहे हे गावाला कशाला सांगायचं? आणि भरायच्या आधी बॅगेचा फोटो. हरवली तर तिथल्या माणसाला 'मोठी आहे हो' सांगून कळत नाही."

मावशी भाचीकडे वळली. "मी हिच्याबरोबर जातेय की ही मला घेऊन जातेय?"

"मावशी, तू फक्त खिडकीची जागा धर," लेक म्हणाली.

"खिडकी मी घेणार," आई म्हणाली. "तू तीनदा बघितलंयस आकाश."

सगळं झालं. बॅग तेवढी राहिली.

बॅगवाल्याच्या घरात धड बॅग नव्हती, दिव्याखाली अंधार तो असा. लेकीनं घाऊक दुकानातून एक नवीकोरी आणून देते म्हटलं. आईनं नको म्हणून मान हलवली. मग काउंटरवर चढून तिनं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथं जुन्या चादरीत गुंडाळलेली एक बॅग होती.

"ती काढ. हिरवी."

लेकीच्या हातातली कात्री थांबली.

ती बॅग म्हणजे बाबांचं शेवटचं काम. मूळ मालकिणीनं फोन करून केव्हाच सांगितलं होतं, मी दुसरी घेतली, ती तुम्हीच ठेवा किंवा टाकून द्या. दोन्ही चाकं झिजली होती. बाबांनी उजवं नवं बसवलं आणि दुपारी पाठ टेकायला आत गेले. ते उठले नाहीत. डावं चाक तसंच राहिलं, रबर उडालेलं, अर्धवट. पुढे माणसं येऊन गेली, दिवस झाले, दुकान उघडलं, तेव्हा लेकीनं ती बॅग चादरीत गुंडाळून वर ठेवली. दुकानात तिनं बाकीचं सगळं हलवलं होतं, त्यांची खुर्चीसुद्धा. ही एक गोष्ट तशीच ठेवली होती. अर्धं झालेलं काम म्हणजे तिच्या लेखी अजून चालू असलेलं काम होतं.

"ती नको," लेक म्हणाली.

"का?"

"तुला माहितीये का."

"हलकी आहे. कापड दमदार आहे. दोनच चाकांची आहे, म्हणजे उतारावर आपणहून पळून जात नाही. मला एकटीला उचलता येते. आणखी काय बघायचं बॅगेत?"

"अशा दहा मिळतील."

"मला दहा नकोत."

लेकीनं कात्री खाली ठेवली. "आई, तू जातेस, जा. मी काही बोलले का? पण ती बॅग कशाला हवी तुला? ती राहू दे ना माझ्यासाठी."

आई काउंटरवरून हळूच खाली उतरली. तिनं नव्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या, बांधलेल्याच होत्या तरी. "मी ती घेऊन जाणार नसेन," ती म्हणाली, "तर मी जात नाही."

आणि ती आत जाऊन शिवणयंत्रावर बसली. यंत्राचा आवाज काही आला नाही.

आई हट्टी होती, पण पोकळ धमकी देणारी नव्हती. मावशीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बघू गं, नक्की नाही अजून." मावशीनं भाचीला फोन केला. "तू काही बोललीस का तिला? अगं, ह्या एका गोष्टीचं नाव काढलं की तिच्या अंगात जीव येतो. बाकी दिवसभर काय करते ती? तू सांग."  आई दिवसभर काय करते हे लेकीनं इतक्यात पाहिलंच नव्हतं. अस्तरं वेळेवर शिवून होत होती, चहा वेळेवर येत होता. त्यापलीकडे पाहण्याची गरज तिला पडली नव्हती. दुःख आपल्याच वाटणीला आलंय, असं काहीसं ती धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल घेतलं आणि हिरवी बॅग खाली काढली.

चादर सोडली. धूळ पुसली. बॅग उताणी करून तिनं मनाशी हिशेब मांडला: डावं चाक तेवढं बदलायचं. उजव्याला हात लावायचा नाही. म्हणजे बाबांचं काम राहील आणि आईची बॅगही होईल. एक चाक त्यांचं, एक माझं. हा तोडगा तिला फार आवडला. 

चाकाचं काम खरं बाबांकडे असायचं. लेक चेनी आणि कुलपं बघायची, आई शिवण. पण लहानपणापासून पाहून पाहून तिला सगळं येत होतं. तिनं जुन्या चाकाची पिन करवतीच्या पात्यानं कापली. चाकाच्या खोबणीचं माप घेतलं, कप्प्यांच्या कपाटातून त्या मापाचं चाक काढलं, नवा बोल्ट घालून बसवलं. मग बॅग काउंटरच्या काचेवर उभी केली.

बॅग तिरकी उभी राहिली.

तिनं काच पुसली. फिरवून ठेवली. पुन्हा तिरकी. उजवीकडे झुकलेली, एखादा माणूस कानात काही सांगायला वाकतो तशी.

माझं माप चुकलं, ती मनात म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही. खोबणीचं माप तिनं पुन्हा घेतलं, ते पहिल्यासारखंच आलं. तरी तिचा विश्वास बसेना. मग तिनं खोबणी सोडून दिली आणि बाबांनी लावलेल्या चाकाचं माप घेतलं. ते एक आकार लहान होतं. असेल काही कारण, ती म्हणाली. ते उगीच काही करायचे नाहीत. तिनं आपलं चाक काढलं आणि लहान कप्प्यातलं बसवलं. आता बॅग काचेवर सरळ उभी राहिली. तिला हायसं वाटलं.

"झाली गं," तिनं हाक मारली. "ओढून बघ."

आई बाहेर आली. तिनं चाकांकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिनं दांडा वर ओढला आणि बॅग घेऊन दुकानाबाहेर पडली. फूटपाथवर सपाट होतं तोवर ठीक चाललं. पुढे फरशी किंचित वर आलेली होती, तिथं पोचताच खर्र आवाज झाला. आईनं पुन्हा ओढलं. पुन्हा खर्र. चाकं लहान असल्यामुळे बॅगेचं पोट जमिनीला घासत होतं. रिकामी असताना ही गत, भरल्यावर विमानतळ गाठेपर्यंत तळाचं कापड उरलं नसतं.

घड्याळवाले काका बाहेर डोकावले. "चाकं लहान झाली हो वहिनी."

"तुमचं घड्याळ बघा," आई म्हणाली आणि बॅग उचलून आत आली. तिनं ती काउंटरवर आडवी ठेवली.

"दोन्ही बदल," ती म्हणाली.

"उजवं बाबांनी लावलंय."

"माहितीये."

"काहीतरी विचार करून लावलं असेल. कदाचित कापड..."

"पिटू," आई म्हणाली. ह्या नावानं ती फारच क्वचित हाक मारायची. "चुकून लावलं त्यांनी. शेजारचा कप्पा उघडला. मी तिथंच बसले होते."

लेकीनं बॅग स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "बाबा चाकात चुकायचे नाहीत."

"आधी नाही चुकायचे."

मग आईनं स्टूल ओढून घेतलं आणि बसली. सांगण्याजोगं फारसं नव्हतंच, त्यामुळे तिनं थोडक्यात सांगितलं. त्यांचा हात थरथरायला लागला होता. डोळेही दगा देत होते. लेक दुपारी स्कूटरवरून माल आणायला, बॅगा पोचवायला जायची, तेवढ्या वेळात ते आत पाठ टेकायचे, आणि आई बाहेर येऊन त्यांनी सकाळी केलेली कामं तपासायची. सैल राहिलेला बोल्ट आवळायची. तिरका टाका उसवून पुन्हा घालायची. एकदा अख्खा दांडा उलटा बसला होता, तो तिनं काढून सुलटा बसवला.

"त्यांना कळायचं?"

"कळायचं असेल. ते बोलले नाहीत, मी बोलले नाही. उठले की यायचे, बॅग हातात घेऊन फिरवून बघायचे आणि म्हणायचे, जमलंय की."

"आणि मी?"

"तू काय?"

"मला का नाही सांगितलंस? मी रोज इथं उभी होते, आई. त्यांच्या शेजारी."

"सांगितलं असतं तर तू त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं असतंस."

"नसतं घेतलं."

"घेतलं असतंस. चांगल्या मनानं घेतलं असतंस. बाबा, तुम्ही बसा, मी करते. मग ते नुसते बसले असते. बसून काय केलं असतं त्यांनी?"

आईचं म्हणणं खरं होतं. लेकीच्या तोंडात ते वाक्य तयारच होतं, बाबा तुम्ही बसा. ह्या वर्षभरात आईला ती तेच म्हणत आली होती. आई तू बस. आई तू राहू दे. आणि काल, आई ती बॅग नको.

"त्या दिवशी मी पाहिलं, चाक लहान लावलंय," आई म्हणाली. "म्हटलं, झोपले की बदलीन. मग ते झोपले."  हातानं तिनं काउंटरवरचे दोन-तीन बोल्ट एका रेषेत लावले. "तू बॅग गुंडाळून वर ठेवलीस. मी रोज खालून ती बघते. तुला त्यात ते दिसतात. मला ते चाक दिसतं. त्यांचं काम चुकीचं राहून गेलेलं मला नाही बघवत, पिटू. मला ते नीट करून हवंय, आणि मला ती बॅग घेऊन जायचंय. त्यांना सोबत नेतेय वगैरे असलं काही डोक्यात आणू नकोस. ते असते तर आलेच नसते. हंगाम आहे म्हणाले असते."

लेकीला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं. तिनं दोन्ही येऊ दिलं.

"तू स्वतःच बदललं असतंस की इतक्या दिवसांत," ती नाक पुसत म्हणाली. "येतं की तुला."

"येतं. पण तुझ्या पाठीमागे नव्हतं करायचं. एकदा झालं तेवढं पुरे."

लेकीनं करवतीचं पातं उचललं. आईनं बॅग दोन्ही हातांनी धरली, हलू नये म्हणून, आणि ती अशी नेमकी धरली की पातं कुठं येणार हे तिला आधीच ठाऊक असावं. पिन कापायला वेळ लागला नाही. बाबांनी बसवलेली ती पिन नवी, गंज नसलेली होती, सहज कापली गेली. चाक सुटून लेकीच्या तळहातावर आलं.

ते काळं, गुळगुळीत, कोरं होतं. जमिनीला ते टेकलंच नव्हतं कधी. तिनं ते फिरवून पाहिलं, बेअरिंग छान फिरत होतं. त्यात काहीएक दोष नव्हता. ते दुसऱ्या बॅगेचं होतं, एवढंच.

"ठेवायचंय का तुला?" आईनं विचारलं.

लेकीनं थोडा विचार केला. मग कपाटापाशी जाऊन लहान मापाचा कप्पा उघडला. आत तशीच चाकं होती, सुटी, एकमेकांवर पडलेली. तिनं हातातलं चाक त्यांच्यात टाकलं, आणि डावीकडचं, मघाशी स्वतः लावलेलं, तेही सोडवून टाकलं. कप्पा बंद करायला गेली तर तो अडकला. हिसका देऊन बंद केला तेव्हा आत सगळी चाकं खडखडली. पुढल्या आठवड्यात कुणाच्या तरी बॅगेला त्यांतली दोन लागतील. कुठली दोन, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

मोठ्या कप्प्यातून तिनं जोडीची दोन चाकं काढली. डावं तिनं बसवलं. उजवं बसवायला घेतलं तर आईनं हात पुढे केला.

"आण इकडे."

"तू?"

"मग काय नुसती बसू?"

आईनं बोल्ट घातला, नट फिरवला, पान्यानं आवळला, आणि शेवटचा अर्धा फेरा दात आवळून दिला. लेक उभी राहून पाहत होती. बोल्ट आवळताना आईची मान एका बाजूला कलते हे तिला आजवर माहीत नव्हतं. किती टाके, किती बोल्ट असे तिच्या नकळत आईच्या हातून गेले असतील! आणि त्या दुपारी आटोपून, हात धुऊन, लेक परत यायच्या आत आई पुन्हा पडद्याआड जाऊन बसत असेल.

काचेवर बॅग सरळ उभी राहिली. आईनं तिच्यात जुनी वर्तमानपत्रं आणि चामड्याचे दोन गठ्ठे भरले, रिकाम्या बॅगेची परीक्षा ही परीक्षाच नव्हे म्हणून. मग दांडा ओढला.

"मी येऊ?" लेकीनं विचारलं.

"कशाला? फूटपाथवर हरवीन?"

ती निघाली. लेक दारात उभी राहिली. वर आलेल्या फरशीपाशी आई थांबली नाही, बॅग टुणकन वर चढली आणि मागोमाग चालू लागली. घड्याळवाल्या काकांनी काचेआडून पाहिलं आणि काही म्हटलं नाही, खरोखरच काही म्हटलं नाही. दुकानातली बॅग औषधाच्या दुकानापर्यंत ओढून न्यायची आणि तिथून वळून परत आणायची, एवढीच चाचणी असते. आई औषधाच्या दुकानापाशी पोचली. वळली नाही. पुढचा रस्ता ओलांडण्यासाठी ती इतरांबरोबर कडेला उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना कामाला निघालेली माणसं होती, आणि तिच्या हातात बॅग होती, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटलं असतं की ही बाई निघालीच.

लेकीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

गाड्या थांबल्या. आईनं रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. चाकं घासत असली तर दूरवरून कळतं. ही नीट बसलेली होती, त्यांचा आवाज येत नव्हता, त्यामुळे ती किती लांब गेली हे दारात उभं राहून समजायला काही मार्ग नव्हता. लेक आत आली. काउंटरवर सांडलेला पिनेचा चुरा तिनं हातानं गोळा केला आणि डब्यात टाकला. मग रांगेतली पुढची बॅग पुढ्यात ओढून उताणी केली.